दृश्य-शोधाचा प्रयोग कसा उभारावा

अनेक आकृत्यांमधून हवी ती आकृती किती वेळात सापडते हे मोजले की अवधान मोजले, असा समज सहज होतो. परंतु पाहणे, निर्णय घेणे आणि बोटाने कळ दाबणे हे सारे त्या वेळेत मिसळलेले असल्यामुळे एकट्या वेळेवरून फारसा बोध होत नाही. म्हणून मानसशास्त्रज्ञ पडद्यावरील आकृत्यांची संख्या बदलत नेतात आणि प्रत्येक वाढीव आकृतीमागे वेळ किती वाढला, हे पाहतात. आलेखावरील रेषेचा हा उतार हेच प्रयोगाचे मुख्य फलित होय.

उद्दीपक, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या आकृत्या, साधे निवडावेत. रोमन लिपीतील ‘एल’ हे अक्षर वेगवेगळ्या दिशांना फिरवून पडद्यावर विखरून ठेवायचे आणि त्यांत ‘टी’ हे लक्ष्य शोधायला सांगायचे, हा प्रकार चांगला रुळलेला आहे. दोन्ही अक्षरे दोनच रेषांची असल्याने फरक उरतो तो केवळ मांडणीचा. पडद्यावर कधी 4, कधी 8, तर कधी 16 आकृत्या असाव्यात, निम्म्या फेऱ्यांत लक्ष्य असावे आणि निम्म्यांत नसावे, आणि पुढे काय येणार याचा प्रयुक्ताला (प्रयोगात भाग घेणाऱ्या व्यक्तीला) अंदाज बांधता येऊ नये म्हणून या सर्व फेऱ्यांचा क्रम सरमिसळ करावा. प्रत्येक फेरीच्या आरंभी मध्यभागी अर्धा सेकंद फुली दाखवावी, म्हणजे नजर एकाच ठिकाणाहून निघेल. डोळ्यांपासून पडदा 57 सेंटिमीटरवर ठेवल्यास पडद्यावरील 1 सेंटिमीटर डोळ्याशी साधारण 1 अंशाचा कोन करतो, त्यामुळे आकृत्यांचा आकार ठरवणे सोपे जाते. सरावाच्या फेऱ्या हिशेबात धरू नयेत.

अचूक उत्तरांच्याच वेळा घेऊन सरासरी काढावी. समजा, लक्ष्य असलेल्या फेऱ्यांत 4 आकृत्यांना 600 आणि 16 आकृत्यांना 900 मिलीसेकंद लागले, तर 300 ला 12 ने भागून प्रत्येक आकृतीमागे 25 मिलीसेकंद असा उतार मिळतो. हिरव्या ठिपक्यांतील एकमेव तांबडा ठिपका शोधायला सांगितला, तर मात्र हाच उतार जवळजवळ शून्यावर येतो. अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड या मानसशास्त्रज्ञांनी 1980 साली या फरकावरून असे मांडले की रंगासारखे एकेकटे गुणविशेष दृष्टिक्षेत्रात सर्वत्र एकाच वेळी टिपले जातात, तर ते एका वस्तूत जोडण्यासाठी अवधान त्या जागेवर न्यावे लागते. ही मांडणी देखणी असली, तरी उतार तीव्र आहे एवढ्यावरून आकृत्या एकामागून एक तपासल्या गेल्या असा निष्कर्ष काढू नये, कारण सर्व आकृत्यांवर एकदमच, पण मर्यादित क्षमतेने काम चालले तरीही तसाच उतार मिळू शकतो. मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ यांच्या मार्गदर्शित शोधाच्या सिद्धान्तानुसार रंगासारखे गुणविशेष अवधानाला संभाव्य जागांकडे वळवतात, म्हणून सोपा शोध आणि अवघड शोध यांच्यामध्ये अनेक पायऱ्या दिसतात.

चुकांकडे दुर्लक्ष करणे हा माझ्या मते या प्रयोगातील सर्वांत महागात पडणारा दोष आहे. उतार कमी दिसला, पण 16 आकृत्यांच्या फेऱ्यांत लक्ष्य निसटण्याचे प्रमाण वाढले असेल, तर प्रयुक्ताने घाईपायी अचूकतेवर पाणी सोडले आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. लक्ष्य किती वेळा येते यालाही मोठे महत्त्व आहे. वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 2005 साली दाखवले की निम्म्या फेऱ्यांत लक्ष्य असताना ते सुमारे 7 टक्के वेळा निसटते, पण 1 टक्का फेऱ्यांतच असेल तेव्हा निसटण्याचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवर जाते. विमानतळावरील सामानाची तपासणी किंवा कर्करोगासाठीची चाळणी समजून घ्यायची असेल, तर निम्म्या-निम्म्या फेऱ्यांची सोयीची रचना सोडून असे विरळ लक्ष्य योजावेच लागते.

नेत्रगतीमापक यंत्र उपलब्ध असल्यास ते जरूर जोडावे, परंतु कळ दाबण्याची नोंद बंद करू नये. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसांच्या सीटी प्रतिमांत गाठी शोधायला सांगून त्यांतच गोरिलाचे चित्र घातले होते. 24 पैकी 20 जणांना ते दिसले नाही, आणि त्यांतील बहुतेकांची नजर नेमकी त्याच जागेवर पडल्याचे यंत्राने नोंदवले होते.