माउंटन लायनच्या भागात राहताय? या चुका टाळा

बे एरियातल्या (कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुप्सवर अधूनमधून दारावरच्या रिंग कॅमेऱ्याचा एखादा धूसर व्हिडिओ येतो, "कॉलनीत सिंह आला!!" (म्हणजे माउंटन लायन, प्यूमा म्हणतात ती मोठी रानटी मांजर) आणि मग दोन दिवस संध्याकाळी कुणी बाहेर पडत नाही. आधी शेपूट बघा हो. आखूड असेल तर तो बॉबकॅट, म्हणजे छोटं रानमांजर, त्याला घाबरायचं काहीच कारण नाही. माउंटन लायनची शेपूट लांबलचक, टोकाला काळी.

ट्रेलवर खरंच समोर आला तर सगळ्यात मोठी चूक म्हणजे पळणं. पळणारं ते सावज, असा त्याचा सरळ हिशोब. खाली वाकू नका, पाठ करू नका, लहान मुलाला न वाकता उचलून घ्या, हात वर करून मोठे दिसा, ओरडा, आणि अंगावर आलाच तर जे हाताला लागेल त्याने मारा. हल्ले तसे फार म्हणजे फारच कमी होतात, कॅलिफोर्नियात 2004 नंतर माणूस दगावला तो थेट 2024 मध्ये. पहाटे किंवा तिन्हीसांजेला कानात इअरफोन घालून एकटं पळायला जाणं मात्र टाळा. सांताक्रूझ डोंगरात संशोधकांनी लायन खात असताना स्पीकरवर माणसांचं बोलणं लावलं तर ते बहुतेक वेळा जेवण सोडून पळाले, म्हणजे आपली मोठमोठ्याने गप्पा मारत चालायची सवय इथे उपयोगाचीच!

घरी आपण काय करतो, तर हरीण अंगणात आलं की कौतुकाने सफरचंद टाकतो. हे इथे बेकायदा आहे, आणि हरीण हेच लायनचं मुख्य जेवण, मग मागोमाग कोण येणार?

शेळ्या-कोंबड्या पाळणाऱ्यांची चूक जास्त महागात पडते. नुसत्या कुंपणाने काही होत नाही, सहा फूट तो सहज उडी मारून येतो, रात्री वरूनही बंद असलेला गोठा लागतो. 1990 च्या प्रपोझिशन 117 ने (मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याने) लायनची शिकार बंद झाली खरी, पण त्याने पाळीव जनावर मारलं की मालकाला लायन मारायचं परमिट मिळू शकतं, म्हणजे छप्पर आपण नाही घातलं आणि जीव त्याचा गेला.

उंदराचं औषध पण नको. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधला प्रसिद्ध माउंटन लायन पी-22, त्याला 2014 मध्ये खरूज झाली तेव्हा रक्तात उंदराचं विष सापडलं होतं.

आणि "पकडून लांब सोडून द्या ना" हे तर नेहमीचंच. जुन्नरला बिबटे असे उचलून दुसरीकडे सोडले तेव्हा माणसांवरचे हल्ले उलट वाढले होते. लायन नुसता दिसला तर कॅलिफोर्नियाच्या वन्यजीव खात्याच्या (फिश अँड वाइल्डलाइफ) साइटवर रिपोर्ट टाका, 911 लावा तो माणसाला धोका असेल तेव्हाच.