हेडफोन घेताना या चुका टाळा: आधी कानाला बसतात का ते बघा

भाच्याने नवे हेडफोन घेतले आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यापुढे आणून ठेवले. "मामा, ह्यात बेसच नाहीये. परत करून टाकू का?" म्हटलं, घाल बघू. त्याने घातले, गाणं लावलं. मी त्याच्या दोन्ही कानांवरच्या कपांना तळवे लावले आणि अगदी हलकेच आत दाबलं. लगेच म्हणाला, "अरे, आला की!" बेस आधीपासूनच होता. चष्म्याच्या जाड काडीमुळे गादी आणि कानशील यांच्यात फट पडत होती आणि तो तिथून निसटत होता. बारीक तारेच्या काडीचा जुना चष्मा लावून ऐकल्यावर त्याची अर्धी तक्रार मिटली.

कमी पैशांत हेडफोन घेताना होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. आपण आवाज डब्यावरच्या आकड्यांत शोधतो, आणि तो बिघडतो किंवा सुधारतो कानाशी. खालचे सूर ऐकू यायचे तर ड्रायव्हरला, म्हणजे हेडफोनमधल्या छोट्या स्पीकरला, कानाजवळची कोंडलेली हवा दाबता आली पाहिजे. ती हवा फटीतून बाहेर पळाली की ढोबळ, जड आवाज आधी जातात आणि उरतं ते पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं गाणं. मग आपण म्हणतो, स्वस्तातला माल, दुसरं काय होणार.

रबराच्या टोप्या न बदलणं

कानात घालायच्या इअरफोनमध्ये हाच घोळ जास्त होतो. डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या येतात. मधली आधीच लावलेली असते आणि उरलेल्या दोन पिशवीतून कधी बाहेरही येत नाहीत. माझ्या उजव्या कानाला मधली टोपी लागते आणि डाव्याला मोठी. हे कळेपर्यंत डावीकडचा इअरफोन खराब आहे असंच मी धरून चाललो होतो. दोन्ही कान सारखे असतात असं काही नाही.

टोपी नीट बसली का हे बघायची सोपी खूण म्हणजे गाणं न लावता दोन वाक्यं मोठ्याने बोलायची. आपलाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमला तर कान बंद झालाय. नेहमीसारखाच ऐकू आला तर कुठेतरी फट आहे. घालताना दुसऱ्या हाताने कानाची वरची कड वर आणि किंचित मागे ओढायची, म्हणजे कानाची वाट सरळ होते आणि टोपी आत जाते. मग तोंड उघडून बंद करायचं, एकदोनदा चावल्यासारखं करायचं. तेवढ्याने सुटत असेल तर आकार बदला. फोमच्या टोप्या बोटांत वळून बारीक करायच्या, आत घालायच्या आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायच्या. कान त्या छान बंद करतात, पण सिलिकॉनच्या मानाने लवकर मरगळतात, तेव्हा हा खर्च पुन्हा पुन्हा येतो.

दुकानात दोन मिनिटं घालून "मस्त आहेत" म्हणणं

दोन मिनिटांत कुठलेही हेडफोन आरामदायी वाटतात. कान दुखायला लागतो तो वीस-पंचवीस मिनिटांनी, आणि तोवर आपण घरी पोचलेलो असतो. म्हणून शक्य तिथे परत करायची मुदत असलेलेच घ्या आणि पहिल्याच संध्याकाळी तासभर सलग घालून बसा. डबा फाडून टाकू नका.

कानावर टेकणारे छोटे हेडफोन बॅगेत कमी जागा घेतात, पण ते कानाची कूर्चा डोक्यावर दाबतात. चष्मा असेल तर मधे काडी, म्हणजे दोन्हीकडून चिमटा. कान पूर्ण झाकणारे मोठे बरे, पण तिथेही फसगत होते. कान झाकणारे म्हणून विकलेल्या बऱ्याच स्वस्त हेडफोनची आतली पोकळी इतकी अरुंद असते की गादीची कड कानावरच टेकते. मोठ्या माणसाचा कान साधारण सहा सेंटिमीटर उंच असतो. पोकळी त्याहून लहान असेल तर ते झाकणारे नाहीत, टेकणारेच आहेत. खोलीही बघा. बोट आत घालून जाळीपर्यंत किती अंतर आहे ते चाचपा. कानाचं टोक जाळीला लागत असेल तर तासाभरात तिथे ठणका सुरू होतो, आणि गादी दबत गेली की तो वाढतच जातो.

वजन २०० ग्रॅमच्या आसपास असेल तर बहुतेकांना जाणवत नाही. ३०० च्या वर गेलं की टाळूवर एकाच जागी भार येतो का ते बघावं लागतं. घट्ट बसणाऱ्या पट्ट्याला सैल करायला लोक हेडफोन रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवतात. हे चालतं, फक्त गठ्ठा डोक्याच्या रुंदीपेक्षा थोडासाच जास्त हवा, आणि पट्ट्यात धातूची पट्टी हवी. नुसत्या प्लॅस्टिकचा पट्टा ताणून ठेवलात तर तो सैल होण्याऐवजी बिजागरीशी तडकतो. घडी होणारे हेडफोन घेताना तर ही बिजागरी आधी हलवून बघा. मोडतात ते तिथेच.

कृत्रिम चामड्याच्या गाद्या घामाने आज ना उद्या सोलवटतातच, कॉलरवर काळे पापुद्रे पडायला लागतात. त्या निघतात का आणि वेगळ्या मिळतात का, हे घेण्याआधी विचारा. कापडी गाद्यांत कान कमी तापतो, पण त्यातून हवा जाते म्हणून बेस थोडा उतरतो. आणि मूळच्यापेक्षा जाड किंवा पातळ गादी लावली तर आवाजही बदलतो, नुसता आराम नाही.

डब्यावरचे आकडे वाचून भुलणं

"२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ" हे जवळजवळ प्रत्येक डब्यावर असतं. माणसाला ऐकू येतो तोच हा पट्टा. त्यात कुठला सूर किती डेसिबलने वर-खाली होतो हे लिहिलेलं नसेल तर त्या ओळीला काही अर्थ नाही. ४०,००० हर्ट्झपर्यंतचा सोनेरी स्टिकर म्हणजे कान जिथे पोचत नाही तिथली बढाई. ड्रायव्हर ५० मिलिमीटरचा म्हणून ४० च्या ड्रायव्हरपेक्षा चांगला, असंही काही नसतं.

उपयोगाचे आकडे दोनच. पहिला ओहम, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतात: १६ ते ३२ ओहमचे हेडफोन फोनवर सहज वाजतात, २५० किंवा ३०० ओहमचे स्टुडिओतले हेडफोन फोनला लावले तर आवाज बहुधा पुरत नाही. दुसरा संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिली की किती मोठ्याने वाजतात. इथे एक बारीक गंमत आहे. काही कंपन्या हा आकडा एका मिलिवॅटला देतात, काही एका व्होल्टला. ३२ ओहमच्या हेडफोनला या दोन मापांत सुमारे १५ डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे एका डब्यावरचे १०० आणि दुसऱ्यावरचे ११५ हे अगदी सारख्याच मोठ्याने वाजणारे हेडफोन असू शकतात. आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय तुलना करू नका.

आणि किंमत? येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात २८३ हेडफोनची मोजमापं मांडली. सुरांचा समतोल आणि किंमत यांचा संबंध काही सापडला नाही. अर्थात समतोल म्हणजे सगळं नव्हे. बिजागरी, गादी, माइक, वॉरंटी यांचे पैसे पडतातच. पण "एवढे पैसे टाकलेत म्हणजे आवाज चांगलाच असणार" हा हिशोब चुकीचा आहे, आणि उलटाही. कॉस कंपनीचे पोर्टा प्रो १९८४ मध्ये आले आणि पातळ पट्टा, फोमच्या छोट्या गाद्या हे रूप जवळजवळ तसंच ठेवून आजही विकले जातात. ते मागून उघडे आहेत, म्हणजे बाहेरचा गोंगाट आत येतो आणि तुमचं गाणं शेजारच्याला ऐकू जातं. घरी, चालताना झकास. गाडीच्या गर्दीसाठी ते नव्हेत. घ्यायच्या आधी हे ठरवलेलं बरं: ऐकायचं कुठे आहे?

मोठ्याने वाजणाऱ्याला चांगलं समजणं

दोन हेडफोन शेजारी ठेवून ऐकले तर जो जरा मोठ्याने वाजतो तो बहुतेक वेळा बाजी मारतो. कानाची ही सवयच आहे. हळू आवाजात बेस कमी जाणवतो, वाढवला की भरतो. म्हणून तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी कानाला सारखा वाटेल असा लावून घ्या. गाणीही नवीन नकोत, पाठ असलेली घ्या. मी तीन गोष्टी ऐकतो: एक नुसतं बोलणं, एक बाईच्या आवाजातलं गाणं, आणि एक खाली जाड बेस असलेलं काहीतरी. बोलण्यात "स" आणि "श" टाचणीसारखे टोचत असतील तर पुढचं ऐकत नाही. पहिल्या पाच मिनिटांत भारी वाटणारे चकचकीत हेडफोन अर्ध्या तासात डोकं उठवतात, ते याच टोचणीमुळे.

थोडंफार इक्वलायझरने, म्हणजे फोनमधल्या सूर कमी-जास्त करायच्या पट्ट्यांनी, सावरता येतं. बेस हवा तर बेसची पट्टी वर ढकलण्याआधी बाकीच्या खाली आणून बघा. सगळंच वर नेलं की आवाज फाटतो. मात्र "शंभर तास वाजवा, मग खुलतील" यावर विसंबू नका. त्या शंभर तासांत गाद्या मऊ होतात, तुमच्या कानाला सवय होते आणि परत करायची मुदत संपते.

नॉइज कॅन्सलिंगने माणसं गप्प होतील असं धरणं

नॉइज कॅन्सलिंग म्हणजे बाहेरच्या आवाजावर त्याच्या उलटा आवाज सोडून तो पुसणं. हेडफोनमध्ये ते करायची कल्पना बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानात सुचली आणि त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी पहिला हेडसेट विकायला काढला. ती अजूनही तिथेच सगळ्यात छान चालते: इंजिनाची घरघर, पंखा, एसी, असा खालचा आणि एकसुरी आवाज. शेजारचं बोलणं, भांड्यांचा खणखणाट हे अचानक आणि वरच्या सुरात येतं, तिथे ती तोकडी पडते. कमी बजेटमध्ये मी तरी त्यासाठी जादा पैसे मोजणार नाही. नीट बसलेली रबराची टोपी बोलण्याचा आवाज बराच अडवते आणि तिला चार्जिंग लागत नाही.

बाहेरचा आवाज अडवणं हा चैनीचा भाग नाही, हे मात्र खरं. गोंगाटात आपण नकळत व्हॉल्यूम वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचं माप मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असं आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० ला आठवड्याचे जेमतेम चार तास.

घेतल्यावर "खराब निघाले" म्हणण्याआधी

ब्लूटूथवर गाणं छान चाललेलं असतं, लॅपटॉपवर मीटिंग सुरू होते आणि आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. हेडफोन बिघडलेले नाहीत. त्यांचा माइक चालू झाला की अनेक लॅपटॉपवर ब्लूटूथ संभाषणाच्या मोडमध्ये जातं आणि तिथे आवाज एकाच चॅनेलचा, कमी दर्जाचा येतो. सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडा, गाणं पूर्ववत. कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या पद्धतींच्या, नावांवर भांडणारे पुष्कळ भेटतील. एसबीसी सगळ्यांत असतो, त्यापुढचा कोडेक फोन आणि हेडफोन दोघांत असेल तरच लागतो, आणि या किमतीत तो शेवटी बघायची गोष्ट आहे. व्हिडिओत ओठ आणि शब्द जुळतात, कारण बरीच ॲप चित्रच थोडं मागे ठेवतात. गेममध्ये तशी सोय नसते, गोळी आधी सुटते आणि आवाज मागून येतो. त्यासाठी तारेचेच घ्या.

तारेच्या हेडफोनमध्ये एक भुताटकी हमखास भेटते: वाद्यं वाजतात, गाणारा गायब. पिन पूर्ण आत गेलेली नसते, बहुधा फोनच्या जाड कव्हरमुळे. दोन्ही बाजूंची सामाईक (ग्राउंड) तार सुटली की डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो कटून जातो. कव्हर काढून पिन दाबा. यूएसबी-सीचं अडॅप्टर मुकं राहिलं तर तेही खराब असेलच असं नाही. काही अडॅप्टरमध्ये आवाजाची चिप असते, काहींत नुसती तार. नुसत्या तारेचं अडॅप्टर पोर्टातून थेट आवाज सोडणाऱ्या फोनवरच चालतं. चिपवालं घ्या.

एका बाजूने कमी ऐकू येत असेल तर इअरफोनची अदलाबदल करा, डावा उजव्या कानात. मंदपणा कानासोबत राहिला तर अडचण कानात आहे, मळ असेल, कानाच्या डॉक्टरांना दाखवा. इअरफोनसोबत फिरला तर आधी फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्याचा काटा मधोमध आहे ना ते बघा, तो चुकून सरकतो. मग टोपी काढून जाळी उजेडात धरा. पिवळट थर दिसला तर जाळी खाली तोंड करून कोरड्या, मऊ टूथब्रशने झटका, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. टाचणी घालू नका, जाळी फाटते. एवढं करूनही फरक पडला नाही, की मग बिल शोधायला लागा.