क्लासिक मसल कारसाठी आधुनिक इंजिन निवडताना या चुका टाळा

1960 आणि 1970 च्या दशकांतील शेव्हल, कॅमॅरो, मस्टँग किंवा चॅलेंजर यांसारख्या अमेरिकी मसल कारमध्ये एखाद्या अलीकडच्या ट्रकचे किंवा अपघातग्रस्त कारचे इंजिन बसवणे हे काम अमेरिकेत आता चांगलेच रुळले आहे. त्यासाठी लागणारे माउंट (इंजिन चासीवर धरणारे आधार), हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) आणि ऑइल चेंबर तयार मिळतात. तरीही अर्ध्यावर सोडलेली अशी कामे विक्रीला येतातच, आणि त्यांचे मूळ शोधत गेले तर बहुतेक वेळा चूक पहिला बोल्ट सैल करण्याआधीच, म्हणजे इंजिन निवडतानाच, झालेली आढळते. माझे ठाम मत असे आहे की डोनर इंजिनाची, म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढून घ्यायच्या इंजिनाची, निवड आपल्या जुन्या गाडीपासून सुरू व्हावी. चासी, स्टिअरिंग, गिअरबॉक्सची पोकळी, मागचा ॲक्सल आणि राज्याचा कायदा यांतून जे इंजिन पार पडते त्याचाच विचार करावा. अश्वशक्तीचा प्रश्न त्यानंतरचा.

अश्वशक्तीच्या आकड्यावर भाळणे

जुन्या आणि नव्या इंजिनांच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. 1971 पर्यंत अमेरिकी कंपन्या प्रामुख्याने ‘ग्रॉस’ अश्वशक्ती जाहीर करत. ती मोजताना इंजिनावर गाडीतील एक्झॉस्ट, एअर फिल्टर आणि पट्ट्यावर चालणारी उपकरणे यांचा भार नसे. 1972 च्या मॉडेलपासून ‘नेट’ आकडे रूढ झाले. त्यामुळे 1970 च्या शेव्हलमधील 454 घनइंची एलएस6 इंजिनाचे 450 आणि 2008 च्या कॉर्व्हेटमधील 6.2 लिटर एलएस3 इंजिनाचे 430 हे आकडे शेजारी ठेवून नवे इंजिन कमी पडते असा निष्कर्ष काढणारा माणूस दोन वेगळ्या मापांची बेरीज-वजाबाकी करत असतो.

सांकेतिक नावेही अशीच फसवतात. एलएस6 हेच नाव 2001 च्या कॉर्व्हेट झेड06 मधील 5.7 लिटर इंजिनालाही आहे. एलटी1 म्हणून 1992 पासूनच्या कॉर्व्हेटचे इंजिन मिळते आणि 2014 च्या कॉर्व्हेटचेही मिळते, पण दोघांत अदलाबदल करण्याजोगे जवळपास काहीच नाही. 2010 च्या कॅमॅरो एसएसमध्ये मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत 426 अश्वशक्तीचे एलएस3 येत असे, तर ऑटोमॅटिकसोबत 400 अश्वशक्तीचे एल99. क्षमता दोन्हींची 6.2 लिटरच, परंतु एल99 मध्ये चार सिलिंडर बंद ठेवण्याची यंत्रणा आणि बदलते कॅम टायमिंग आहे. जाहिरातीत केवळ ‘6.2 कॅमॅरो इंजिन’ असे लिहिलेले असेल, तर पैसे देण्यापूर्वी नेमका कोड विचारून घ्यावा.

इंजिन घेतले, बिऱ्हाड सोडले

आधुनिक इंजिन एकटे येत नाही, त्याचे बिऱ्हाड सोबत आणावे लागते: संगणक, वायरिंग, थ्रॉटल पेडल, सेन्सर आणि शक्य असेल तर गिअरबॉक्स. नुसते इंजिन स्वस्तात मिळते, पण पुढे सुट्या वस्तू गोळा करताना त्या एकमेकांशी जुळत नाहीत आणि वाचवलेली रक्कम त्यातच जाते. म्हणून पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने, जागा आणि परवानगी असेल तर, चालू स्थितीतील संपूर्ण डोनर गाडीच घ्यावी असे मी सुचवेन. इंजिन काढण्यापूर्वी ते चालवून पाहता येते, आवाज ऐकता येतो, तेलाचा दाब तपासता येतो आणि एकही प्लग अनोळखी राहत नाही.

जनरल मोटर्सच्या एलएस या आधुनिक व्ही8 इंजिनांच्या कुटुंबात (ट्रकची 5.3 सारखी इंजिनेही त्यातलीच) या न जुळण्याचे नेहमीचे कारण क्रँकशाफ्टवरील रिलक्टर चाक, म्हणजे सेन्सरला फेरे कळवणारे दातेरी चाक, हे असते. तिसऱ्या पिढीच्या इंजिनांत ते 24 दात्यांच्या पद्धतीचे आहे, तर चौथ्या पिढीत, सुरुवातीची काही इंजिने वगळता, ते 58 दात्यांचे झाले आणि कॅम सेन्सरही इंजिनाच्या मागून पुढे आला. तिसऱ्या पिढीचा संगणक चौथ्या पिढीच्या इंजिनाला जोडला तर स्टार्टर फिरतो, पण ठिणगी पडत नाही. चाक बदलायचे म्हटले तर क्रँक ब्लॉकबाहेर काढावा लागतो. त्यापेक्षा इंजिनाच्याच पिढीचा संगणक घेणे किंवा सिग्नल रूपांतरित करणारे उपकरण लावणे शहाणपणाचे. थ्रॉटलचेही तसेच आहे. 1998 ते 2002 च्या कॅमॅरोतील एलएस1 ला केबलचा थ्रॉटल आहे, तर 1997 च्या कॉर्व्हेटमधील त्याच इंजिनाला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे, आणि अशा वेळी पेडल, नियंत्रक आणि संगणक एकाच संचातील असावे लागतात.

क्रायस्लरच्या नव्या हेमी या व्ही8 इंजिनांत चोरीविरोधी यंत्रणा संगणकाशी बांधलेली असते. 1970 च्या चॅलेंजरमध्ये ती चावी ओळखणारे काहीच नसल्यामुळे डोनर गाडीचा संगणक जसाच्या तसा चालत नाही. क्रायस्लरची सुट्या भागांची शाखा मोपार 1975 आणि त्यापूर्वीच्या गाड्यांसाठी स्वतंत्र संगणक आणि वायरिंगचा संच विकते. हेमी निवडायचे असेल, तर त्या संचाची किंमत अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावी.

मोजपट्टी न लावता खरेदी करणे

सर्वाधिक पैसा आणि वेळ इथेच वाया जातो. 1967 ते 1969 च्या कॅमॅरोत आणि 1964 ते 1972 च्या शेव्हलमध्ये स्टिअरिंगचा आडवा दांडा पुढच्या चाकांच्या मध्यरेषेच्या मागे, इंजिनाखालून जातो. 1970 पासूनच्या दुसऱ्या पिढीच्या कॅमॅरोत तो पुढे आहे. ट्रकच्या इंजिनाचे ऑइल चेंबर खोल असते, कारण ट्रकखाली जागा भरपूर असते. तेच चेंबर कॅमॅरोत राहू दिले तर एक तर ते क्रॉसमेंबरला (चासीच्या आडव्या तुळईला) टेकते किंवा त्याच्याखाली लोंबते आणि पहिल्या उंच गतिरोधकावर फुटते. म्हणून चेंबर, माउंटच्या पट्ट्या आणि हेडर या तिन्ही वस्तू शक्यतो एकाच उत्पादकाच्या, त्या गाडीसाठीच आखलेल्या संचातून घ्याव्यात. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतल्या तर प्रत्येकाने गृहीत धरलेली इंजिनाची जागा वेगळी असते, आणि मग हेडर स्टिअरिंग बॉक्सवर घासतो.

ट्रकच्या इंजिनावरचे इनटेक मॅनिफोल्ड उंच असते, त्यामुळे बॉनेट बसत नाही. अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसरही ज्या जागी असतात तिथे जुन्या गाडीची चासी येते. कारचे मॅनिफोल्ड आणि पुली-पट्ट्याचा संच निराळा घ्यावा लागला, तर ट्रकचे इंजिन स्वस्त पडले हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. वजनाचाही विचार हवा. 5.3 लिटर एलएम7 चा ब्लॉक लोखंडी आहे आणि ॲल्युमिनियमच्या एलएस1 पेक्षा ते सुमारे 80 ते 100 पौंड जड भरते. रस्त्यावर चालवायच्या गाडीत मला हा फरक खटकत नाही, कारण या गाड्यांतील मूळची लोखंडी स्मॉल-ब्लॉक (छोट्या ब्लॉकची व्ही8) इंजिनेही हलकी नव्हती. वळणांवर वेगाने चालवायची गाडी असेल, तर ॲल्युमिनियमच्या ब्लॉकसाठी जास्त पैसे मोजणे योग्य ठरते.

फोर्डच्या बाबतीत प्रश्न रुंदीचा आहे. 2011 च्या मस्टँग जीटीमध्ये आलेले 412 अश्वशक्तीचे 5.0 लिटर कोयोटे हे उत्तम इंजिन आहे, पण प्रत्येक हेडवर दोन कॅमशाफ्ट असल्याने ते फार रुंद आहे. 1965 ते 1970 च्या मस्टँगमध्ये सस्पेन्शनचे उभे टॉवर इंजिनाच्या दोन्ही बाजूंना उभे असतात, आणि ते कापून पुढचे सस्पेन्शन बदलल्याशिवाय कोयोटे आत बसत नाही. केवळ इंजिन बदलायचे म्हणून काम हाती घेणाऱ्याला हे बॉडीचे मोठे काम पेलेलच असे नाही. अशा वेळी 1996 ते 2001 च्या एक्सप्लोररमधील 5.0 लिटर इंजिनाकडे जरूर पाहावे. ते जुन्या मस्टँगमधील 302 घनइंची इंजिनाचेच वंशज असल्यामुळे जागेचा प्रश्न जवळजवळ येत नाही. त्याच्या नंतरच्या वर्षांतील ‘पी’ हेडमध्ये स्पार्क प्लगचा कोन वेगळा आहे, एवढे मात्र हेडर घेताना लक्षात ठेवावे.

भंगार यार्डातील इंजिन तपासल्याविना उचलणे

1999 ते 2006 च्या शेव्हरोले आणि जीएमसी ट्रकमधील 4.8 आणि 5.3 लिटर इंजिने बाहेरून सारखीच दिसतात, कारण दोघांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) एकच आहे आणि फरक फक्त स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा) आहे. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा डोनर गाडीचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) पाहावा: आठवे अक्षर ‘टी’ असेल तर 5.3 एलएम7, ‘व्ही’ असेल तर 4.8 एलआर4 आणि ‘यू’ असेल तर 6.0 एलक्यू4. गाडी नसून सुटे इंजिनच असेल, तर स्पार्क प्लगच्या छिद्रातून छोटा कॅमेरा घालून पिस्टन पाहावा. एलएम7 चे पिस्टन खोलगट असतात, 4.8 चे सपाट.

या इंजिनांच्या 706 क्रमांकाच्या काही सिलिंडर हेडवर कास्टेक या ओतकाम करणाऱ्या कंपनीची खूण असते, आणि त्यांतील काही हेड आतून तडकून कूलंट तेलात उतरते. बाहेर गळतीचा थेंबही नसताना रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर प्रथम याच खुणेचा शोध घ्यावा. 2007 नंतरच्या बहुतेक 5.3 इंजिनांत 1, 4, 6 आणि 7 हे सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा आहे; तिचे विशेष लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) निकामी होऊन कॅमशाफ्टही खराब होतो. असे इंजिन घेऊच नये असे नाही, पण साधे लिफ्टर, योग्य कॅम आणि संगणकातील बदल यांचा खर्च किमतीत मिळवूनच सौदा करावा. 2014 नंतरच्या थेट इंधन-फवारणीच्या इंजिनांत कॅमशाफ्टवर चालणारा उच्चदाबाचा पंप असतो आणि दाब 150 बारपर्यंत जातो. पहिल्या कामासाठी मी ती सुचवत नाही.

गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल नंतर पाहू असे म्हणणे

जनरल मोटर्सचा जुना टीएच350 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एलएसला बोल्टने जोडला जातो म्हणून अनेकजण निश्चिंत होतात. पण बहुतेक एलएस इंजिनांत क्रँकचा मागचा चेहरा जुन्या स्मॉल-ब्लॉकपेक्षा सुमारे 0.4 इंच आत आहे. योग्य स्पेसर आणि फ्लेक्सप्लेट (क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणारी चकती) न लावता टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा भाग) पुढे ओढून बसवला, तर तो क्रँकमध्ये नीट केंद्रित होत नाही आणि गिअरबॉक्सचा पुढचा पंप थोड्याच काळात खराब होतो.

ॲक्सलचे गुणोत्तर निवडीआधीच कागदावर मांडावे. 26 इंच व्यासाच्या टायरवर 3.73 चा ॲक्सल असेल, तर ताशी 70 मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे 3,370 फेरे घेते. 4एल60ई या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या 0.70 ओव्हरड्राइव्हमुळे तेच 2,360 वर येते, आणि हा मेळ उत्तम आहे. मात्र गाडीत 2.73 चा ॲक्सल असेल, तर याच ओव्हरड्राइव्हमध्ये फेरे 1,730 पर्यंत उतरतात, आणि मोठ्या कॅमचे इंजिन तिथे गचके देऊ लागते.

कायदा आणि मूळ इंजिन

कॅलिफोर्नियात 1975 आणि त्यापूर्वीच्या गाड्यांना धूर-तपासणी लागत नाही, पण 1976 पासूनच्या गाड्यांना लागते. तिथे डोनर इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे लागते, वाहनाच्या त्याच वर्गातील असावे लागते, डोनरची प्रदूषण-नियंत्रणाची सर्व उपकरणे जोडलेली असावी लागतात आणि शेवटी राज्याच्या रेफ्रीकडून (अधिकृत तपासनिसाकडून) तपासणी होते. 1977 च्या ट्रान्स ॲममध्ये अवजड ट्रकचे इंजिन बसवणाऱ्याला हे नंतर कळले, तर काम उलटे करावे लागते. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई करते, आणि मर्यादित अपवादांनाही परिवहन कार्यालयाची मान्यता लागते, त्यामुळे इथल्या गाडीवर हा प्रयोग अमेरिकेतील उदाहरणे पाहून सुरू करू नये.

कारखान्यातून आलेले, गाडीशी जुळणाऱ्या मूळ क्रमांकाचे इंजिन अजून शाबूत असलेल्या दुर्मीळ गाडीला हात लावू नये, असे मला मनापासून वाटते. साध्या सहा सिलिंडरच्या किंवा इंजिन आधीच हरवलेल्या गाड्या या कामासाठी पुष्कळ आहेत. तरीही करायचेच असेल, तर चासीत कापाकापी टाळावी आणि मूळ इंजिन तेल भरून जपून ठेवावे.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

चेंबर बदलल्यानंतर तेलाचा दाब कमी दिसत असेल, तर पंपावर शंका घेण्याआधी चेंबरातून तेल ओढणाऱ्या पिकअप नळीची ओ-रिंग पाहावी; ती चुकीच्या जाडीची असेल किंवा बसवताना चिमटली असेल, तर पंप तेलासोबत हवा ओढतो. तापमानाचा काटा एकदम चढून पुन्हा उतरत असेल, तर हेडवरच्या वाफेच्या नळ्या कुठे जोडल्या आहेत ते तपासावे: त्या बंद करून टाकायच्या नसतात, रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा वॉटर पंपाला जोडायच्या असतात. वळणावर इंजिन अडखळत असेल, तर इंधनाच्या टाकीत इंधन एका बाजूला सरकू न देणारे आडपडदे नाहीत असे समजावे. जुन्या कार्ब्युरेटरला 5 ते 7 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) इंधन-दाब पुरत असे, तर एलएसला 58 पीएसआय अखंड लागतो.

कारण सापडत नाही अशा लहरी तक्रारींत आधी इंजिन ते चासी आणि इंजिन ते बॉडी या अर्थिंगच्या जाड पट्ट्या घट्ट आणि रंगविरहित धातूवर आहेत ना, हे पाहावे. मूळचा टॅकोमीटर निम्मे फेरे दाखवत असेल, तर इंजिनात दोष नाही. संगणक प्रत्येक फेऱ्याला दोन स्पंदने देतो आणि जुना आठ सिलिंडरचा मीटर चार अपेक्षित धरतो, आणि हा बदल ट्यूनिंगमध्ये करून घेता येतो.