बुलेटला कॅम टाकलात? आधी टॅपेट

बुलेटला नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्याचा भाग) टाकल्यावर ती चालू कशी करायची, ते हे. प्लग, पेट्रोल, बॅटरी तुम्ही बघालच. इथे गाडी धरली आहे जुनी कास्ट आयर्नवाली 350, पॉइंटची (पॉइंट म्हणजे ठिणगी पाडणारा उघडमीट स्विच), आत हाय लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम.

कॅम फिरवणाऱ्या टायमिंग गिअरवरच्या खुणा एकमेकींसमोर आल्या का ते कव्हर लावण्याआधी दोनदा बघा. एक दात चुकला की पुढचं सगळं वाया. हेड उघडलंच असेल तर पिस्टनवर मुलांची क्ले चिकटवून, हेड परत बसवून इंजिन हातानं फिरवा. व्हॉल्व्हच्या ठशाखाली क्ले दोन मिलिमीटरही उरत नसेल तर थांबा. किक मारून खात्री करायची ही गोष्ट नव्हे.

आता टॅपेट, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्यांची (पुशरॉडची) सेटिंग. नव्या कॅमचा पाठीकडचा गोल भाग जुन्याइतकाच असेल असं धरू नका. मी धरलं. पुशरॉड जुन्याच सेटिंगवर ठेवले, व्हॉल्व्ह अर्धवट उघडे राहिले, किक लोण्यात सुरी जावी तशी खाली. आणि मी शहाणा रविवारभर कार्बोरेटर खोलत बसलो! तेव्हा टॅपेट. इंजिन थंड, रात्रभर उभं राहिलेलं. प्लग काढून भोकावर बोट ठेवा आणि हळूहळू किक दाबा. हवा बोट ढकलते ती कॉम्प्रेशनची फेरी; तीत पिस्टन वर आला की टॅपेट लावा. पिस्टन दुसऱ्या फेरीतही वर येतोच, पण तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. तिथे टॅपेट लावलेत तर माझ्यासारखेच बसाल. पुशरॉड दोन बोटांनी फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये. लॉकनट आवळताना सेटिंग सरकतं, म्हणून आवळून झाल्यावर परत फिरवून बघा. कंटाळा आला तरी बघा.

डीकॉम्प्रेसरच्या (किक हलकी करायला कॉम्प्रेशन सोडणाऱ्या लिव्हरच्या) केबलला थोडी ढील ठेवा. ताणलेली असेल तर कॉम्प्रेशन तिथूनही जातं. किक अंगाचं वजन क्षणभर पेलते का? नसेल तर कार्बोरेटरला हात लावू नका. टॅपेटकडे परत जा.

पॉइंट गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर, मग ठिणगीचं टायमिंग.

चालू झाली पण स्लो (ॲक्सिलरेटर सोडल्यावरची चाल) धरत नाही? अर्धा चोक ओढल्यावर सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय: आधी मॅनिफोल्डची (कार्बोरेटर आणि हेडमधल्या नळीची) गळती, मग कार्बोरेटरचा एअर स्क्रू, मग पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारं बारीक भोक) एक नंबर मोठा. जुनी संथ धकधक विसरा, असला कॅम थोड्या चढ्या स्लोवरच टिकतो. ऑइल बघा, नट आवळा, एक फेरी मारा. रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी टॅपेट पुन्हा.