स्केल मॉडेलसाठी बारीक ड्रिल बिट: निवड आणि वापर

रणगाड्याच्या छोट्या प्रतिकृतीच्या किटमधली (जोडून बनवायच्या सुट्या भागांच्या संचातली) मशीनगनची नळी बहुतेक वेळा टोकाशी बुजलेली असते, युद्धनौकेच्या बाजूवरच्या गोल खिडक्या म्हणजे नुसते उथळ खळगे असतात आणि जुन्या दुपंखी विमानाच्या तारा जिथे पंखात शिरतात तिथे किटमध्ये काहीच खूण नसते. अशा जागी एक मिलिमीटरपेक्षा बारीक, स्वच्छ आणि बरोबर मध्यावर असलेले भोक पाडता आले, तर त्या एका भोकाने जो जिवंतपणा येतो तो महागड्या सुट्या भागांनीही येत नाही. असे भोक पाडणारे ड्रिल बिट इतके बारीक असतात की ते मोडणारच, असे अनेक जण गृहीत धरतात. पण बारीक बिट मोडतो तो मुख्यतः आडव्या दाबामुळे. हा दाब टाळण्याची तयारी बिट विकत घेतानाच करावी लागते.

प्रथम माप ठरवावे. खऱ्या वस्तूचा व्यास प्रमाणाच्या आकड्याने भागला की मॉडेलवरचा व्यास मिळतो. १२.७ मिमीची मशीनगन १/३५ प्रमाणात ०.३६ मिमीची होते, ७.६२ मिमीची ०.२२ मिमीची, तर विमानाची २० मिमीची तोफ १/७२ प्रमाणात जेमतेम ०.२८ मिमीची. जहाजाची ३५ सेंटिमीटरची गोल खिडकी १/३५० प्रमाणात एक मिलिमीटरची आणि १/७०० प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची. मात्र हिशेबाने आलेला आकडा जसाच्या तसा वापरू नये, कारण प्रायमर (रंगाआधीचे अस्तर) आणि रंगाचे थर भोकात उतरून ते लहान करतात. नळीची भिंत पुरेशी जाड असेल तर माप किंचित मोठे घ्यावे. कॅलिपरने नळीचा बाहेरचा व्यास मोजावा आणि दोन्ही बाजूंना किमान ०.१५ मिमी प्लास्टिक शिल्लक राहील असे पाहावे, म्हणजे ०.७ मिमीच्या नळीत ०.४ मिमीपेक्षा मोठे भोक पाडू नये. भोक आणि भिंत यांचे प्रमाण डोळ्यांत बसवायचे असेल, तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन तोफांची तोंडे अगदी समोरून न्याहाळावीत. छायाचित्रांतून ही गोष्ट तितकीशी कळत नाही.

बाजारात मापे दोन पद्धतींनी सांगितली जातात. एक सरळ मिलिमीटरची. दुसरी क्रमांकांची, जिच्यात आकडा वाढतो तसा बिट बारीक होत जातो. ६१ ते ८० क्रमांकांचा वीस बिटांचा संच गोल डबीत मिळतो. त्यातला ६१ क्रमांकाचा बिट सुमारे ०.९९ मिमीचा, ७६ क्रमांकाचा ०.५१ मिमीचा आणि ८० क्रमांकाचा ०.३४ मिमीचा असतो. हा संच वाईट नाही, पण माझ्या मते नवशिक्याने पूर्ण संचावर पैसे खर्च करण्यापेक्षा ०.३, ०.४, ०.५, ०.८ आणि १ मिमी एवढीच मापे घ्यावीत आणि पहिल्या तिन्हींचे दोन-तीन नग जास्तीचे ठेवावेत. प्रत्यक्ष कामाचा मोठा भाग याच मापांवर भागतो.

यानंतर बिटाचा धातू पाहावा. सर्वाधिक नुकसान इथेच चुकीच्या निवडीने होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा इंटरनेटवर रंगीत प्लास्टिकची कडी लावलेले दहा बिटांचे स्वस्त संच दिसतात, त्यांचा दांडा एक सूत जाड असतो. हे टंगस्टन कार्बाइडचे बिट सर्किट बोर्डासाठी बनवलेले असतात. बोर्डातले काचतंतू साध्या पोलादाची धार लवकर घालवतात, म्हणून तिथे कार्बाइड लागते. शिवाय तिथे बिट घट्ट बसवलेल्या यंत्रात, सरळ रेषेत आणि प्रचंड वेगाने फिरतो. कार्बाइड अतिशय कठीण पण तितकेच ठिसूळ असते, ते वाकत नाही. हाताने फिरवताना मनगट केसभर कलले तरी त्याचा तुकडा पडतो. हायस्पीड स्टीलचा म्हणजे एचएसएस बिट थोडा लवचीक असतो आणि हाताचा कंप सहन करतो. किटच्या पोलिस्टायरिनसारख्या मऊ प्लास्टिकला कार्बाइडच्या धारेची गरजच नसते. म्हणून हाताने भोक पाडायचे असेल तर एचएसएसच घ्यावा. कार्बाइड स्टँडवर बसवलेल्या यंत्रासाठी ठेवावा.

एचएसएसमध्येही शक्यतो जाड दांड्याचे बिट निवडावेत, म्हणजे ज्यांचे टोक ०.३ मिमीचे असले तरी मागचा दांडा एक ते अडीच मिलिमीटर जाड असतो. पिन व्हाइस म्हणजे बिट धरून बोटांनी फिरवायची छोटी मूठ. तिच्या टोकाचा कॉलेट (बिट पकडणारा चिरलेला चिमटा) असा दांडा घट्ट आणि मध्यावर पकडतो. दांडाही टोकाइतकाच बारीक असेल, तर कॉलेटची चार बोटे पूर्ण मिटूनही बिट आत हलतो आणि भोक वाटोळे न होता पसरट होते. पिन व्हाइस विकत घेताना त्याची मागची टोपी स्वतंत्र फिरते ना, हे पाहावे. ती तळहातात टेकवून बोटांनी फक्त मधला भाग फिरवायचा असतो. सर्वांत लहान कॉलेट पूर्ण मिटवून प्रकाशासमोर धरावा. बोटांमध्ये मोठी फट दिसली तर दुसरा नग मागावा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि सोनारकामाची हत्यारे विकणाऱ्या दुकानांत ही वस्तू हाताळून घेता येते.

आता प्रत्यक्ष कृती. उदाहरणासाठी १/३५ प्रमाणातली मशीनगनची नळी घेऊ. नळीवरची साच्याची रेघ आधी खरवडून काढावी, कारण ती नंतर काढली तर नळीचा आकार बदलतो आणि मध्यावरचे भोक कडेला सरकल्यासारखे दिसते. नळी शक्यतो किटमधले भाग जिला जोडलेले येतात त्या चौकटीपासून किंवा बंदुकीच्या जाड भागापासून तोडू नये. धरायला तोच भाग उपयोगी पडतो. टोक बारीक सँडपेपरवर सपाट करावे. मग भिंगाखाली टोकदार सुईने मध्यावर हलकेच टोचावे आणि नळी पाव फेरी वळवून पुन्हा पाहावे. खूण एका बाजूला गेली असेल, तर सुई त्याच खड्ड्यात तिरकी धरून मध्याकडे दाबावी, खड्डा सरकतो. ही दुरुस्ती केवळ याच टप्प्यावर शक्य असते. बिटाने दोन फेऱ्या घेतल्या की पुढे तो स्वतःच्याच वाटेने जातो, त्यामुळे टोचणीवर घालवलेला वेळ इतर कुठल्याही टप्प्यापेक्षा अधिक मोलाचा ठरतो.

त्यानंतर ०.३ मिमीचा बिट खड्ड्यात ठेवून, दोन्ही कोपरे टेबलावर टेकवून, जवळजवळ दाब न देता फिरवायला सुरुवात करावी. पिन व्हाइसचे स्वतःचे वजन बहुधा पुरते. तीन-चार फेऱ्यांनंतर बिट त्याच दिशेने फिरवत बाहेर काढावा आणि खाचांत अडकलेला कीस मऊ ब्रशने झाडावा. धार चांगली असेल तर कीस नागमोडी धाग्यासारखा निघतो. भुकटी निघू लागली किंवा भोकाभोवती प्लास्टिकचा उंचवटा साचला, तर बिट बोथट झाला असे समजून तो बदलावा. भोकाची खोली त्याच्या व्यासाच्या दुप्पट झाली की पुरे, कारण त्यापुढे डोळ्याला फक्त काळोख दिसतो. शेवटी ०.४ मिमीचा बिट घालून भोक मोठे करावे. हे पायरीपायरीने वाढवणे नळीच्या पातळ भिंतीसाठी आवश्यक आहे, एरवी मोठा बिट एकदम घातल्यास नळी उभी चिरते.

जहाजाच्या खिडक्यांना टोचणीची गरज कमी असते, कारण किटमधला खळगाच बिटाला धरून ठेवतो. विमानाच्या तारांसाठी भोक तिरके हवे असते, तेव्हा बिट आधी पृष्ठभागाला काटकोनात ठेवून जरासा आत न्यावा आणि मग फिरवत फिरवत हळूहळू कलवावा. सुरुवातीपासून तिरका धरला तर तो घसरून पंखावर ओरखडा उमटवतो. पुतळ्याचा हात किंवा एखादा जड भाग पितळी तारेने जोडायचा असेल, तर एका भागात भोक पाडून त्याच्या तोंडाशी ओल्या रंगाचा ठिपका लावावा आणि दुसरा भाग त्यावर टेकवावा. उमटलेल्या ठिपक्यावर दुसरे भोक पाडले की दोन्ही भोके समोरासमोर येतात. ०.५ मिमीच्या तारेसाठी ०.६ मिमीचे भोक पाडावे. डिंकाला जागा मिळते आणि सांधा किंचित हलवून जुळवता येतो.

पोलिस्टायरिन साधारण १०० अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि फिरत्या बिटाच्या घर्षणाने एवढी उष्णता सहज निर्माण होते. अनेक रोटरी यंत्रांचा सर्वांत कमी वेगही मिनिटाला पाच हजार फेऱ्या किंवा त्याहून जास्त असतो. त्या वेगाला प्लास्टिक कापले न जाता वितळते आणि बिटाभोवती गोठून बसते. प्लास्टिकसाठी म्हणून हातच योग्य. रेझिन (साच्यात ओतून घट्ट केलेले राळेसारखे द्रव्य) ठिसूळ असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे मास्क लावून, भाग ओला ठेवून काम करावे आणि ओला चुरा कापडाने टिपून घ्यावा. व्हाइट मेटल (कथिलासारखा मऊ मिश्रधातू) मऊ असूनही बिटाला चिकटते. बिट मधमाशीच्या मेणावर घासून घेतला तर तो अडकत नाही. पितळात मात्र भोक आरपार जाण्याच्या क्षणी बिट एकदम ओढला जातो, म्हणून खाली लाकडाचा तुकडा ठेवावा आणि शेवटच्या फेऱ्या अगदी सावकाश घ्याव्यात.

बिट मोडलाच तर तुकडा उडू शकतो, त्यामुळे साधा का होईना चष्मा हवाच. आपल्याकडे घरात अनवाणी वावर असतो आणि लहान मुले जमिनीवर खेळतात, तेव्हा मोडलेला तुकडा लोहचुंबकाने शोधून झाकणाच्या डबीत टाकल्याशिवाय जागेवरून उठू नये. कार्बाइडचा तुकडा चुंबकाला नीट लागेलच असे नाही, तो चिकटपट्टीने टिपावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेने एचएसएसला गंज चढतो आणि ०.३ मिमीच्या धारेला तेवढा गंजही पुरतो. वापरानंतर बिटांवरून शिलाई यंत्राच्या तेलाचे बोट फिरवावे, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावेत आणि पुढच्या वेळी प्लास्टिकला लावण्याआधी तेल पुसून टाकावे, नाहीतर त्या जागी रंग धरत नाही.