मुलांना गार्डनमध्ये नेताय? वय न बघता होणाऱ्या या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत गार्डन शोधायला फार लांब जावं लागत नाही. सिडकोने सेक्टर आखतानाच बागांसाठी प्लॉट ठेवले, त्यामुळे नेरुळ, वाशी, कोपरखैरणेला घरातून चालत निघालं तरी एखादं गार्डन लागतंच, आणि ठाण्यात कोलशेतला फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेलं सेंट्रल पार्क तर वीस एकरांच्या आसपास आहे. तरी पालकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत असतो, "मुलांसाठी चांगलं गार्डन कुठलं?" अहो पण मूल केवढं आहे ते तर सांगा! दीड वर्षाच्या बाळाला जे गार्डन छान वाटतं तिथे नऊ वर्षाचा मुलगा पंधरा मिनिटांत कंटाळतो, आणि त्याला जिथे मजा येते तिथे बाळ धडपडतं.

उचलून वर ठेवणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक, आणि रोज संध्याकाळी दिसते. तीन वर्षाचं मूल जंगल जिमकडे बोट दाखवतं, आजोबा किंवा बाबा कौतुकाने उचलतात आणि थेट वरच्या दांड्यावर नेऊन बसवतात. आता ते मूल स्वतः चढलेलंच नाही, पाय कुठे टाकायचा, हात कुठला सोडायचा हे त्याला माहितीच नाही, म्हणजे उतरताही येणार नाही. जे स्वतः चढता येतं तेच त्या वयाचं खेळणं, एवढा एकच नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, आजी-आजोबांना आणि सांभाळणाऱ्या ताईंना पण. अमेरिकेतल्या सुरक्षा नियमांत खेळण्यांचे गटच वेगळे धरलेत, दोन वर्षांच्या आतली बाळं, मग २ ते ५ आणि मग ५ ते १२. आपल्याकडे तशी पाटी क्वचितच दिसते, सगळं एकाच कुंपणात असतं, म्हणून ही वाटणी आपल्यालाच डोक्यात ठेवावी लागते. हाताने लोंबकळत जायचे मंकी बार पाच वर्षांच्या आधी नकोच. दोनच्या आतल्या बाळाला मऊ जमीन, थोडी वाळू आणि चारी बाजूंनी बंद असलेला झोपाळा मिळाला तरी पुष्कळ झालं.

मांडीवर घेऊन घसरगुंडी

बाळ घाबरतं म्हणून आई त्याला मांडीत घेऊन घसरते, दिसायला अगदी सेफ. पण खाली येताना बाळाचा रबरी सोलचा बूट कडेला किंवा पत्र्याला अडकला तर पाय तिथेच राहतो आणि आईचं सगळं वजन त्याला पुढे नेतं, नडगीचं हाड पिरगळून फ्रॅक्चर होतं. एकटं घसरताना पाय अडकला तर बाळ बहुतेक वेळा तिथेच थांबतं, कारण त्याचं वजनच कमी. म्हणून छोटी घसरगुंडी शोधा, बाजूला उभं राहून हात धरा, पण मांडीत घेऊ नका.

ओपन जिमला खेळणं समजणं

हल्ली बहुतेक गार्डनमध्ये ओपन जिम आहे आणि झोपाळ्याला नंबर लागत नाही तेव्हा पोरं तिकडेच पळतात. ती मशीन मोठ्या माणसांच्या मापाची आहेत, सांध्यांत लहान बोटं चिमटतात, आणि एक पोरगा पायडल हलवत असताना दुसरा समोरून गेला तर लोखंड थेट तोंडावर येतं. इथे लाड नकोत, सरळ नाही म्हणा.

जमीन न बघणं

आपण रंग बघतो, खेळणी मोजतो, पण मूल पडणार कशावर ते बघत नाही. झोपाळ्याखाली पेव्हर ब्लॉक किंवा कडक झालेली माती असेल तर कितीही नवीन खेळणं असो, लहान मुलाला तिथे नको. रबर मॅट असेल तर पायाने दाबून बघा, कडा उचकटलेल्या असतात त्यात पाय अडकतो. खेळण्याच्या चारी बाजूंना साधारण सहा फूट मोकळं हवं, बाकडं किंवा कठडा अगदी चिकटून नको. रेलिंगमधल्या फटी पण बघा, साधारण साडेतीन ते नऊ इंचांची फट वाईट, पाय आणि अंग निघून जातं आणि डोकं अडकतं. ओढणी, गळ्यातली दोरी, टोपीचे बंद हे खेळण्याआधी काढून ठेवा, आणि सायकलवरून आलेल्या मुलांनी हेल्मेट काढूनच चढायचं.

उन्हाळ्यात लोखंडी घसरगुंडीला आपला हात लावून बघा, काळी रबर मॅट पण तापते. पावसाळ्यात जुन्या टायरमध्ये, कुंड्यांत साचलेलं पाणी दिसलं तर तिथे बसू नका, डेंग्यूचा डास अशाच पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, त्यामुळे फुल पॅन्ट घाला.

दोन मुलं, सोबत एकच मोठं माणूस

मोठा आठचा आणि धाकटी दोनची असेल आणि सोबत एकच मोठं माणूस असेल तर गार्डन धाकटीच्या हिशोबाने निवडा आणि मोठ्याला बॉल किंवा सायकल द्या. तलावाकाठचं गार्डन अशा वेळी टाळा. ठाण्यात उपवन, कचराळी किंवा नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई चालायला सुंदर आहेत, पण पळत्या बाळामागे धावताना मोठ्याकडे कोण बघणार? बारा-तेराच्या मुलांना तर झोपाळ्यात रस नसतोच, त्यांना मैदान किंवा कोर्ट द्या, नाहीतर ती छोट्यांच्या घसरगुंडीवर उलटी चढत बसतात.

रविवारी नेरुळचं वंडर्स पार्क जरूर करा, टॉय ट्रेन आणि सात आश्चर्यांच्या प्रतिकृती मुलांना आवडतात. पण रोजचं गार्डन घराजवळचंच हवं, कारण मूल ओळखीच्या खेळण्यावरच हळूहळू धीट होतं.

काही झालंच तर

मूल वर जाऊन घाबरलं तर खालून "उतर, उतर" ओरडू नका. जवळ जा, "आता डावा पाय खाली, हो, तिथेच" असं एक-एक सांगा, अगदीच जमत नसेल तर कमरेला धरून उतरवा.

डोकं फटीत अडकलं तर ओढायचं नाही. अंगाला खालून आधार द्या, ज्या बाजूने गेलंय त्याच बाजूने हळू मागे घ्या, नाही निघालं तर १०१ ला फोन करून फायर ब्रिगेडला बोलवा.

घसरगुंडीनंतर मूल पाय टेकवतच नसेल तर सूज नसली तरी एक्स-रे काढून घ्या. डोक्यावर पडल्यावर उलटी झाली, शुद्ध हरपली किंवा मूल नेहमीपेक्षा सुस्त झालं तर घरी नेऊन वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

मोठी पोरं झोपाळा सोडत नसतील तर भांडण करू नका, "दहा झोके तुझे, मग हिचे" म्हणून मोठ्याने मोजा, बहुतेक पोरं ऐकतात. आणि साखळी तुटलेली, नट बाहेर आलेला दिसला तर वॉचमनला सांगून थांबू नका, फोटो काढून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार द्या, त्यात गार्डनचं नाव, सेक्टर आणि कुठलं खेळणं ते स्पष्ट लिहा.