लंडन दहा तासांवर, पण कुडाळपासून? प्रवासाचा हिशेब करताना या चुका टाळा

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900, म्हणजे आठ तास, असं म्हणून मोकळे होऊ नका. तो वेग वर पोहोचल्यावरचा. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं, उतरण्याआधी घिरट्या घालणं यात तासभर सहज जातो. शिवाय बंद हवाई हद्दी टाळायला वळसा पडतो. जाताना साडेनऊ-दहा तास धरा. येताना कमी लागतात, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोराचा वारा, पाठीशी असते.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या असतात. समजा जुलैत दुपारी 2 ला मुंबई सोडली आणि संध्याकाळी 7:15 ला लंडन. कागदावर सव्वापाच तास, प्रत्यक्षात पावणेदहा, कारण तेव्हा लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात आणि हा फरक साडेपाच तासांचा होतो, तो मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत. दिवाळीच्या आसपास तिकडच्या लेकीला फोन करतानाही घोळ होतो तो यामुळेच.

सगळ्यात महागात पडते ती तारखेची चूक. तिकिटावर 15 तारीख, वेळ 02:10. म्हणजे 14 च्या रात्री 11 ला विमानतळावर हजर व्हायचं. कुडाळहून 14 च्या रात्री कोकणकन्येत बसलात, तर 15 ला सकाळी मुंबईत उतराल आणि विमान केव्हाच गेलेलं असेल. गाडी 13 च्या रात्रीची हवी. दिवसभर दादरच्या काकांकडे काढावा लागला तरी चालेल.

आणि कुडाळ-मुंबई हा टप्पा किरकोळ समजू नका. तो लंडनच्या विमानाइतकाच वेळ खातो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. चवथीला आलेल्यांनी तर विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी परतीचं विमान अजिबात घेऊ नये. महामार्गावर काय होतं ते सांगायला नको.

गोव्याहून जाणाऱ्यांनी विमानतळाचा कोड बघावा. जीओएक्स म्हणजे मोपा, सावंतवाडीकरांच्या हाताशी. जीओआय म्हणजे दाबोळी, तिथे जायला मांडवी आणि झुआरी दोन्ही ओलांडायच्या. नुसतं ‘गोवा’ वाचून रिक्षावाल्या भाच्याला मोपाला यायला सांगू नका.

गोवा-मुंबई आणि मुंबई-लंडन शक्यतो एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान पावसात रखडलं, तर पुढची कंपनी सहसा थांबत नाही आणि पैसेही देत नाही. त्यात मुंबईला टी-1 वर (टर्मिनल 1) उतरलात तर बॅगा घेऊन बाहेर पडायचं, रस्त्याने लंडनच्या विमानाचं टी-2 गाठायचं आणि पुन्हा चेक-इनच्या रांगेत उभं राहायचं. मध्ये निदान पाच-सहा तास ठेवा.